बासिलिओचा गठ्ठा

बोलिव्हियात, एल आल्तोच्या बाजारात कासिल्दा उचानीशी कुणी धड बोलत नसे, कारण ती कुणाशी धड बोलत नसे. गुरुवारी आणि रविवारी नजर पोचेल तिथवर ताडपत्र्या पसरल्या जातात, त्यात जुन्या कुलपांच्या आणि बिजागऱ्यांच्या ढिगामागे ती बसलेली असायची. डोक्यावर तपकिरी टोपी, खांद्यावर शाल, गालात कोकाची पानं आणि जिभेवर शिवी. भाव कमी करा म्हणणाऱ्याला ती म्हणायची, "कुलूप कशाला हवंय रे तुला? तुझ्या घरात चोरण्यासारखं आहे तरी काय?" गिऱ्हाईक लालबुंद व्हायचं, आणि कुलूप घेऊनच जायचं. तिच्याकडच्या कुलपाला किल्ली लागायची, एवढी गोष्ट मात्र सगळा बाजार मान्य करायचा.

ही बाई नोटा जमवायची, असं सांगितलं तर नवा माणूस हसेल. नोटा जमवणारे आमच्याकडे थोडेथोडके नाहीत. खाली ला पासमध्ये शनिवारी कोटवाले म्हातारे जमतात, पाराग्वेची नोट चिमट्यात धरून उजेडाकडे करतात, पेरूच्या जुन्या नोटेवरचा लामा बघून 'अहाहा' म्हणतात, उरुग्वेच्या नोटेवरच्या एका घडीवरून आठवडाभर अबोला धरतात. कासिल्दाला त्यांचा मनस्वी राग. "मेलेल्या पैशाची मढी सजवतात मेले," म्हणायची, "पोट भरलेल्यांचे चाळे." तिच्याकडे मात्र एकाच जातीची नोट होती, पन्नास हजार पेसोंची, एकाच गठ्ठ्यातल्या ओळीने येणाऱ्या शंभर आकड्यांची. म्हणजे शंभर नोटा असायला हव्या होत्या. नव्याण्णव होत्या.

तो गठ्ठा तिच्या नवऱ्याचा, बासिलिओ तार्कीचा. चौऱ्याऐंशी साली बासिलिओ खाणीतून बाहेर आला तो छातीत दगडाची भुकटी घेऊनच. जिना चढला की खोकायचा, आणि खोकला की जिना विसरायचा. हिशेब मिटवताना त्याच्या हातात तो गठ्ठा ठेवला होता: कोऱ्या करकरीत नोटा, बँकेची कागदी पट्टी तशीच. तेव्हा तेवढ्या पैशात विमानतळामागे घरापुरती जागा यायची. नवरा-बायकोने जागा बघून ठेवली, चार कोपऱ्यांवर दगडही ठेवून आले. आणि मग आला धाकटा भाऊ, एलिओदोरो.

"दादा, घाई कसली?" एलिओदोरो म्हणाला. "पाऊस संपू दे. चिखल बघून लोक जागा फुकापासरी विकतात. माझं ऐक, पैसा कुठं पळून जातोय?"

पैसा पळून गेलाच की! गादीखाली बसल्या जागी पळून गेला. त्या वर्षी आमच्याकडे पावाला सकाळी एक भाव असायचा, दुपारी दुसरा, आणि संध्याकाळी पावच नसायचा. कासिल्दा रोज एकदा गठ्ठा बाहेर काढून बघायची, आहे ना म्हणून. असायचा. पहिल्या नोटेपासून शेवटच्या नोटेपर्यंतचे आकडे तिला पाठ झाले. पाऊस संपला तेव्हा त्या गठ्ठ्याचं अर्धं पोतं पीठ आलं. पीठवालीने पट्टीसुद्धा सोडली नाही. तेव्हा नोटा कुणी मोजत नसे, उंची बघून घ्यायचे. तिने तो मागच्या ढिगावर भिरकावला आणि म्हणाली, "पुढच्या बाई या."

आणि त्याच महिन्यात, दगड ठेवलेल्या त्याच जागेवर, एलिओदोरोने घर बांधायला काढलं. त्याच्याकडे डॉलर होते. केव्हापासून होते, कुठे होते, दादाला सांगावंसं का वाटलं नाही, हे विचारायला बासिलिओ फार दिवस उरला नाही. पुढच्याच थंडीत गेला. कुंपणानेच शेत खाल्लं, तर दाद कुणाकडे मागायची? कासिल्दाने दीराच्या दारात उभी राहून अशा शिव्या घातल्या की शेजाऱ्यांनी पोरांचे कान झाकले. एलिओदोरो खिडकीतून म्हणाला, "वहिनी, बाजारभाव मी ठरवतो का?" तेव्हापासून ती त्याला भावजी म्हणायची, पण ऐकणाऱ्याला ती शिवी आहे हे कळायचं.

काही वर्षांनी, एका गुरुवारी, तिला बाजारात एका रद्दीवाल्याच्या कोपराखाली नोटांचा ढीग दिसला. ती कुलपं तशीच टाकून उठली. आकडे तिचे होते! पट्टी गेली होती, पण निम्म्याहून जास्त गठ्ठा तिथेच होता, पीठवालीच्या मरणानंतर घर झाडताना बाहेर निघालेला. रद्दीवाला म्हणाला, "घ्या, किलोवर देतो." त्या दिवशी तिने एकही कुलूप विकलं नाही. बाकीच्या नोटा तिने एकेक करून शोधल्या. कुठे कुणी फुटकी काच चिकटवली होती, कुठे पोरांनी जहाजं केली होती, काही आंदेस उतरून चिलीच्या सरहद्दीपर्यंत गेल्या होत्या. कोटवाल्या म्हाताऱ्यांनाही तिने सोडलं नाही. त्यातला एक म्हणाला, "बाई, विखुरलेला गठ्ठा परत जुळवलेला मी कधी ऐकला नाही. पूर्ण झाला की मला द्या, मागाल ते देतो." ती म्हणाली, "पूर्ण झाला की जाळणार आहे." म्हाताऱ्याने छातीवर क्रूस काढला.

जाळणार होती, ते खरंच. आमच्याकडे कार्निव्हलच्या मंगळवारी चाय्या करतात. घर, गाडी, हातोडा, शिवणयंत्र, ज्याच्यावर पोट चालतं त्या सगळ्यावर बिअर आणि अल्कोहोल शिंपायचं, फुलांच्या पाकळ्या उधळायच्या, आणि धरतीला, पाचामामाला, निखाऱ्यावर ताट द्यायचं: साखरेच्या आकृत्या, लामाची चरबी, रंगीत लोकर, कोआचा सुवासिक पाला. पण ताट पुरं हवं. एक जरी वस्तू कमी पडली तरी ती म्हातारी खात नाही, आणि न खाल्लेलं विसरत नाही. कासिल्दाचं म्हणणं साधं होतं. बासिलिओचा जीव त्या गठ्ठ्यावर बसून आहे. तिच्या स्वप्नात तो येतो तेव्हा खोकत नाही, नोटा मोजतो, आणि शंभराला पोचला नाही की पहिल्यापासून सुरू करतो. गठ्ठा पुरा करून धरतीला दिला की तो उठेल आणि जाईल. एवढंच तिला हवं होतं. सदतीसने संपणारी एक नोट मिळाली नव्हती.

ती एलिओदोरोकडे होती.

हो, एलिओदोरोसुद्धा एव्हाना आमच्याच बाजारात आला होता, टाय लावून, घडीच्या टेबलावर जुन्या नोटा विकायला. बोलिव्हियाच्या, इक्वेडोरच्या, अर्जेंटिनाच्या, ज्या देशाचा पैसा मेला त्याची नोट त्याच्या टेबलावर. प्रवासी पोरं घ्यायची. सदतीस त्याला कुठल्याशा थप्पीत सापडली. वहिनी काय शोधते हे बाजारातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. त्याने ती प्लास्टिकमध्ये घालून टेबलाच्या मधोमध लावली आणि निरोप धाडला. कासिल्दा आली, वाकून आकडा वाचला, आणि पदरचे सगळे पैसे टेबलावर ओतले.

"विकायची नाही," एलिओदोरो म्हणाला.

"मग लावलीस कशाला?"

"बघायला. तुम्ही मला सगळ्या बाजारात भावाचा खुनी म्हणता ना? मग बघत बसा. आणि वर ती जाळणार म्हणे! नोटा जाळायच्या असतात का?"

"भावजी, तुमची जीभ जळो," कासिल्दा म्हणाली आणि पैसे उचलून निघून गेली. त्यानंतर ती दर गुरुवारी यायची, मागायची, शिव्या घालायची, जायची. एलिओदोरोने नोट प्लास्टिकमधून काढून आपल्या एकेकोच्या गळ्यात अडकवली. एकेको म्हणजे मिशीवाला बुटका, अंगभर पोती-भांडी लटकवलेला, घरात बरकत आणणारा. दरवर्षी चाय्याला एलिओदोरो त्याच्या तोंडात सिगारेट खोचायचा आणि डब्यातलं जळजळीत अल्कोहोल त्याच्यावर ओतायचा, नोटेसकट. कासिल्दा लांबून बघायची. तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

अशी किती वर्षं गेली, कोण मोजतो! डोक्यावरून तारेवरचे पाळणे धावायला लागले, तरी ही दोघं तिथेच, एकमेकांच्या मुळावर.

मग तो गुरुवार आला, कार्निव्हलच्या आधीचा, कोमाद्रेंचा. एकमेकींच्या लेकरांना बाप्तिस्म्याला हातावर घेतलेल्या बायका म्हणजे कोमाद्रे, आणि त्या दिवशी राज्य त्यांचं. पुरुषांनी गप्प बसायचं, बायकांनी प्यायचं, नाचायचं, आणि ज्याच्या गळ्यात टाय दिसेल त्याचा कात्रीने कापायचा. निकासिया नावाची बटणं विकणारी कासिल्दाची कोमाद्रे होती, तिला दोन पेले झाले होते.

"कोमाद्रे," निकासिया म्हणाली, "आज नाही तर कधीच नाही. चल, तुझ्या दीराचा टाय कापू."

"टाय नको मला. गळा चालेल."

"आधी टाय तर कापू. गळ्याचं जमलं तर बघू!"

आठ-दहा बायका घागरे सावरत एलिओदोरोच्या टेबलाला भिडल्या. निकासियाने टाय कच्चकन कापला, बायकांनी कागदी फिती त्याच्या कानांवर गुंडाळल्या. एलिओदोरो दात काढत होता, कारण त्या दिवशी रागवायचं नसतं. तेवढ्यात कासिल्दाने एकेकोच्या गळ्यातली नोट ओढून काढली. डोळ्यांजवळ नेली. उलटी केली, सुलटी केली.

"आकडा कुठाय?"

हसणं थांबलं. नोट पन्नास हजारांचीच होती, पण जिथे लाल आकडा असायला हवा तिथे फिकट गुलाबी डाग होता.

"अल्कोहोलनं गेला," एलिओदोरो म्हणाला. "दरवर्षी चाय्या करतो मी. शाई किती टिकणार?"

"हीच सदतीस कशावरून?"

"मी सांगतो ना!"

कासिल्दा हसली. तिला हसताना बाजाराने फार वेळा बघितलं नव्हतं, त्यामुळे बायका जरा मागे सरल्या. "तू सांगतोस? तू सांगितलंस म्हणून मी गादीवर बसून राहिले, आणि तू जागेवर बसलास. तुझ्या सांगण्यावर मी आता कुलूपसुद्धा लावणार नाही."

"मग ठेवा इथेच ती नोट!"

"ठेवते," कासिल्दा म्हणाली. "मंगळवारी माझ्या अंगणात ये. नोट तू स्वतःच्या हाताने निखाऱ्यात टाक, आणि टाकताना मोठ्यानं म्हण, ही बासिलिओची. तू खरं बोलत असशील तर भावाला मोकळा केल्याचं पुण्य तुझं. खोटं बोलत असशील तर म्हातारीला कळेलच, कुणाच्या हातातून आलं ते."

आता आमच्याकडे काहीही खोटं चालतं. प्रेमात चालतं, बाजारात चालतं, न्यायालयात तर चालतंच चालतं. पण ताटात खोटं घालत नाहीत. ज्याने घातलं त्याची बैठक खचते, घर फाटतं, मुलं-माणसं आजारी पडतात. ही भीती सगळ्यांना, टायवाल्यांनाही. बायका एलिओदोरोकडे बघत होत्या.

"येईन की," तो म्हणाला. "मी काय घाबरतो?"

मंगळवारी तो आला. नवा टाय, गळ्यात रंगीत कागदी माळ, हातात नोटेचं पाकीट. गल्लीत फटाके फुटत होते, शेजारचा आपल्या मिनीबसच्या चाकांवर बिअर ओतत होता. कासिल्दाचं दाराच्या चारी कोपऱ्यांवर अल्कोहोल शिंपून झालं होतं. अंगणात शेगडी, शेगडीवर ताट: साखरेचं घर, साखरेचा ट्रक, चरबीचा लामा, कोआचा पाला. बाजूला लाल लोकरीने बांधलेला गठ्ठा. निकासिया बाटली घेऊन बसली होती, साक्षीला.

"या भावजी," कासिल्दा म्हणाली. "बसू नका. बसायला कुणी बोलावलेलं नाही."

"वहिनी, आजच्या दिवशी तरी..."

"आजच्याच दिवशी. टाका."

एलिओदोरोने नोट काढली. शेगडीवर हात धरला. चरबी पेटायला लागली होती, धूर त्याच्या डोळ्यांत जात होता.

"म्हण," निकासिया म्हणाली.

"ही..." एलिओदोरो म्हणाला आणि थांबला. हात तिथेच. "चटका बसतोय."

"विस्तव आहे तो, बसणारच," कासिल्दा म्हणाली. "म्हण ना! भावाचं नाव विसरलास? बासिलिओ. बा-सि-लि-ओ. तूच त्याला दादा म्हणायचास, पैसे मागायचे असले की."

एलिओदोरोने हात मागे घेतला, आणि नोट मुठीत चुरगळली.

"ही ती नाही," तो म्हणाला.

निकासियाने बाटली खाली ठेवली.

"ती मी विकली. फार पूर्वी. एक परदेशी माणूस आला होता, माझ्या घराचं छप्पर उडालं होतं त्या वर्षी. डॉलर देत होता. वहिनी, तुम्ही त्या दिवशी सकाळीच माझ्या आईवरून शिव्या घातल्या होत्या. माझं डोकं फिरलेलं होतं. म्हटलं, घेऊन जा बाबा, दूर कुठंतरी घेऊन जा. मग दुसरी अडकवली, आणि आकडा मीच पुसला, कापसानं."

"आणि मी दर गुरुवारी येत होते," कासिल्दा म्हणाली.

"येत होतात."

"मागत होते."

"मागत होतात, हो."

"आणि तू म्हणायचास, विकायची नाही."

शेजारी पुन्हा फटाके फुटले आणि कुणीतरी मिनीबसला शुभेच्छा देऊन ओरडलं. निकासियाला वाटलं आता ही शेगडी उचलून त्याच्या अंगावर टाकते. तिला अडवायला निकासियाने दोन पावलं पुढेही टाकली. पण कासिल्दा खाली बसली आणि गठ्ठ्याची लोकर सोडायला लागली. गाठ घट्ट होती, दातांनी सोडली.

"वहिनी, काय करताय? अपुरं देऊ नका! वहिनी, एक कमी आहे!"

"मला सांगतोस?"

"मी शोधतो. त्या माणसाचा पत्ता काढतो. कोटवाल्यांना विचारतो, नाहीतर ते शंभराऐवजी नव्याण्णवचेही... तुम्हाला कल्पना नाही किती देतील! तुमची लेक तिकडे अर्जेंटिनात दुसऱ्यांचे कपडे शिवते, तिला इथे दुकान घालता येईल. माझं ऐका, थोडे दिवस ठेवा!"

"ठेवला होता," कासिल्दा म्हणाली.

तिने गठ्ठा दोन्ही हातांत धरला आणि टोपी काढून बाजूला ठेवली. तिचे पांढरे झालेले केस धुरात मोकळे दिसले. मग ती धरतीशी बोलली, बाजारात भाव सांगतात त्या आवाजात, स्पष्ट.

"आई, हे बासिलिओ तार्कीचं. छाती फोडून कमावलेलं. पुरं नाही, मला माहीत आहे. तू रागावू नकोस त्याच्यावर, त्याला जाऊ दे, थकलाय तो. कमी आहे ते एक याच्याकडे बाकी आहे. हा बघ, हा उभा. याचं नाव एलिओदोरो तार्की. राहतो बासिलिओच्या जागेवर, विमानतळामागे, निळ्या दाराचं घर. ते एक तू याच्याकडून घे. तुला पाहिजे तेव्हा घे, पाहिजे तसं घे."

आणि तिने गठ्ठा चरबीवर ठेवला.

"नाही!" एलिओदोरो किंचाळला. "नाव काढा! वहिनी, माझं नाव मागे घ्या! घरात नातवंडं आहेत माझी!" त्याने गुडघ्यांवर पडून शेगडीत हात घातला. निकासियाने त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढलं. "दिलेलं काढत नाहीत, मूर्खा!" ती ओरडली. त्याच्या बोटांना चरबी चिकटली होती, टायचं टोक करपलं होतं. नोटा कडांनी काळ्या होत आत वळल्या, एकेक सुटी झाली आणि एकदम सगळ्या पेटल्या. राख वर गेली, शेजारच्याच्या मिनीबसवर पडली.

ताट पांढरं जळलं. पांढरं जळलं म्हणजे घेतलं, असं आमच्याकडे मानतात. निकासिया ते बघून पुटपुटली, "घेतलं गं बाई, घेतलं." आणि तिने एलिओदोरोकडे बघायचं टाळलं.

कासिल्दाने टोपी घातली. पेला भरला, पहिले थेंब जमिनीवर सांडले, बाकी एका दमात प्यायली. दुसरा निकासियाला दिला. एलिओदोरो भाजलेला हात छातीशी धरून तसाच बसला होता, तोंडाने काहीतरी मोजत होता की प्रार्थना करत होता, कळत नव्हतं. चाय्याच्या दिवशी दारात आलेल्या वैऱ्यालाही कुणी पेला दिल्याशिवाय पाठवत नाही. निकासियाने त्याच्यासाठी रिकामा पेला कासिल्दापुढे धरला.

कासिल्दाने बाटलीला बूच लावलं.